डाक बंद पडते तेव्हा

वर्तमानपत्र एखाद्या सकाळी दारात पडले नाही, तर घरातील वडील माणूस लगेच पेपरवाल्याची चौकशी करू लागतो. दूध आले नाही तर शेजारी विचारणा होते. नित्य येणारी वस्तू न येणे हीच तेथे बातमी असते. परंतु जिच्या येण्याकडे आपले कधी लक्षच नसते अशी वस्तू येईनाशी झाली, तर ते कळावे कसे? आज आम्ही ज्या विषयाचा इतिहास आपणापुढे मांडणार आहोत, त्याच्या मुळाशी हा एवढाच प्रश्न आहे. विषय आहे लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीकडे येणाऱ्या दुरुस्त्यांचा, ज्यांस सर्रास 'अपडेट' म्हणतात. आणि त्यातही त्यांच्या येण्याचा नव्हे, तर थांबण्याचा.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. २०१४ सालच्या ऑक्टोबरातील गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या नोंदीसाठी डेबियन या लिनक्स-प्रकाराचा एक संगणक ठेवलेला होता. त्यापूर्वी, २४ सप्टेंबर रोजी, 'बॅश' नावाच्या आज्ञावलीत मोठे छिद्र असल्याची वार्ता जगभर पसरली होती. तिला 'शेलशॉक' असे नाव पडले होते. लिनक्सवर आज्ञा घेणारा आणि पाळणारा जो कारभारी, तो बहुधा हा बॅशच. तेव्हा त्याच्यातील छिद्र म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाजालाच भगदाड. आम्ही ग्रंथपालबाईंना सहज विचारले, "बाई, दुरुस्ती आली ना?" त्या म्हणाल्या, "हो तर! मशीन रोज रात्री स्वतः विचारतं आणि सकाळी सांगतं, सगळं अद्ययावत आहे म्हणून. मे महिन्यापासून एक तक्रार नाही."

तक्रार नव्हती हे खरेच होते. पडद्यावर आकडे स्वच्छ होते : नवी केलेली पॅकेजे ०, काढावयाची ०, राहिलेली ०. त्या दिवसांत या छिद्राची परीक्षा घेणारी एक ओळ सर्वत्र फिरत होती. ती टाइप करून पाहिली, तो यंत्राने निमूटपणे 'व्हल्नरेबल' हा शब्द छापला. म्हणजे छिद्र होते तसेच होते. मग रोजनिशी उघडली. यंत्र आपल्यावर झालेल्या प्रत्येक क्रियेची तारीखवार नोंद ठेवीत असते. त्या नोंदींतील शेवटची सुरक्षा-दुरुस्ती मे महिन्यातील होती. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे चारही महिने कोरे. बाईंना वाटले होते, चार महिने काही बिघडले नाही. वास्तविक चार महिने काही आलेच नव्हते. आणि आम्ही स्वतः त्या संगणकावर जूनमध्ये दोनदा बसलो होतो. आमच्याही ध्यानात ही गोष्ट आली नव्हती, हे येथे कबूल केले पाहिजे.

हे कसे घडले हे समजण्यास बरेच मागे जावे लागते.

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता प्रसिद्ध केली, हे आता शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्याने केला तो केवळ गाभा. गाभ्याभोवती शेकडो लहानमोठ्या आज्ञावल्या जमवून त्यांचा एक संसार उभा करावा लागतो, आणि असा संसार मांडून देणारी मंडळी लवकरच निघाली. त्यांपैकी इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनचा संकल्प जाहीर केला. नावात त्याने आपल्याबरोबर आपल्या मैत्रिणीचेही नाव गुंफले : डेब्रा आणि इयान मिळून डेबियन. आवृत्त्यांना पुढे 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील खेळण्यांची नावे देण्याचा प्रघात पडला. ज्या कच्च्या भांडारात सर्व काही नेहमी मोडत-घडत असते त्याला खेळणी मोडणाऱ्या सिड या पोराचे नाव आहे. विनोदबुद्धी असलेली माणसे होती ती.

प्रारंभी दुरुस्ती आणणे हे माणसाचेच काम असे. कोणत्या पॅकेजाची नवी प्रत निघाली हे स्वतः शोधावयाचे, ती दूरच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यावयाची, बसवू लागावे तो तिने दुसऱ्या दोन पॅकेजांची मागणी करावी, त्यांनी आणखी पाचांची. या कटकटीतून सोडविणारे 'अ‍ॅप्ट' हे साधन मार्च १९९९ मध्ये निघालेल्या डेबियन २.१ बरोबर लोकांच्या हाती आले. अ‍ॅप्टची करामत अशी की, त्याला भांडारांचे पत्ते एका लहानशा फायलीत लिहून दिले म्हणजे पुढचे सर्व ते स्वतः करते. याद्या आणते, आपल्याजवळील पॅकेजांशी ताडून पाहते, अवलंबून असलेली पॅकेजे शोधते आणि एका आज्ञेसरशी शेकडो वस्तू नव्या करून टाकते. या फायलीचे नाव 'सोर्सेस डॉट लिस्ट'.

सोय झाली, पण लक्ष उडाले. पूर्वी ज्याला स्वतः शोधावे लागे त्याला शोध थांबल्याचे कळत असे. आता यंत्राला जे चार पत्ते दिले तेवढेच जग त्याला माहीत. "सर्व अद्ययावत आहे" असे यंत्र म्हणते, त्याचा खरा अर्थ "मला दिलेल्या पत्त्यांवर माझ्याजवळच्याहून नवे काही सापडले नाही" इतकाच असतो. दप्तरात कागद नाही म्हणून घटनाच घडली नाही असे मानणाऱ्या संशोधकास आपण हसतो. यंत्राच्या या उत्तरावर मात्र आपण निर्धास्त झोपतो.

हे पहिल्याने मोठ्या प्रमाणावर दिसून आले ते २००५ साली. डेबियनची ३.० ही आवृत्ती १९ जुलै २००२ ची. तिच्यानंतर जवळजवळ तीन वर्षे लोक 'सार्ज' या नव्या आवृत्तीची वाट पाहत होते. पंधरा हजारांहून अधिक पॅकेजांचा तो पसारा. ६ जून २००५ रोजी ती एकदाची बाहेर पडली आणि लोकांच्या उड्या पडल्या. लगोलग घोषणा झाली की, सीडी आणि डीव्हीडींच्या प्रतींत चूक राहिली आहे. जी आवृत्ती इतके दिवस 'टेस्टिंग', म्हणजे परीक्षाधीन, म्हणून ओळखली जात होती ती आता 'स्टेबल' झाली होती. परंतु डिस्कवरील 'रिलीज' नावाच्या फायली बरोबर नव्हत्या. परिणामी त्या डिस्कवरून नव्याने बसविलेल्या प्रत्येक यंत्रात सुरक्षा-भांडाराच्या पत्त्यापुढे 'स्टेबल' ऐवजी 'टेस्टिंग' असे लिहिले गेले. त्याहून वाईट म्हणजे, त्या ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह पडले. हे चिन्ह आरंभी असले की यंत्र ती ओळ वाचत नाही. टीप समजून सोडून देते.

एक चिन्ह आणि एक शब्द! यंत्र उत्तम चाले, कोठे चूक दाखवीत नसे आणि सुरक्षेची एकही दुरुस्ती त्याच्याकडे आपण होऊन येत नसे. उपायही तितकाच लहान होता : फाईल उघडा, 'टेस्टिंग'चे 'स्टेबल' करा, आरंभीचे चिन्ह पुसा. पुन्हा प्रणाली बसविण्याचे कारण नाही. नव्या डिस्क तत्परतेने काढल्या गेल्या आणि चूक कोणी लपवून ठेवली नाही, हे त्या मंडळींना भूषणावह आहे. तथापि ज्याने पहिल्याच दिवशी उत्साहाने डिस्क उतरवून घेतली आणि नंतर घोषणा वाचलीच नाही, त्याचे काय झाले असेल? दुरुस्तीची वार्ताही त्याच्याकडे पोचण्याचा यांत्रिक मार्ग जो, तोच बंद होता. त्यात भर म्हणजे त्याच उन्हाळ्यात काही आठवडे, नव्या आवृत्तीसाठी सुरक्षा-दुरुस्त्या बांधून पाठविण्याची यंत्रणाच नीट चालेना, आणि ज्यांचे पत्ते अगदी बरोबर होते त्यांच्याकडेही काही येईना. पत्ता चुकलेला आणि डाकच न निघालेली, या दोन अवस्था घरात बसलेल्या माणसाला सारख्याच दिसतात.

येथवर गोष्ट चुकीची झाली. पुढची गोष्ट कपटाची आहे, आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत विचार करावयास लावणारी.

आलेली वस्तू खरोखर डेबियनचीच आहे हे ओळखावे कसे? एप्रिल २००७ मध्ये निघालेल्या ४.० आवृत्तीपासून अ‍ॅप्टने याची पक्की व्यवस्था केली. प्रत्येक पॅकेजाचा ठसा यादीत, यादीचा ठसा 'रिलीज' या फायलीत, आणि त्या फायलीवर भांडाराची गणिती सही. सही तपासण्याची किल्ली प्रत्येक यंत्राजवळ आधीपासून ठेवलेली. मराठी राज्यातील पत्रांवर आरंभी शिक्का आणि शेवटी मोर्तब करीत, ते मजकुरात कोणी भर घालू नये म्हणून. हाही प्रकार तोच. एक अक्षर बदलले की सही जुळत नाही आणि यंत्र माल परत करते.

पण शिक्कामोर्तब अस्सल असलेले जुने पत्रच कोणी आजचे म्हणून पुढे केले तर? २००८ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठातील जस्टिन कॅपॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेमका हा प्रश्न विचारला. लिनक्सची भांडारे जगभर 'मिरर' म्हणून ठेवलेल्या प्रतींतून वाटली जातात, आणि अशी प्रत ठेवण्यास बहुधा कोणीही सद्भावनेने पुढे येऊ शकतो. या मंडळींनी एक काल्पनिक कंपनी आणि तिचा एक काल्पनिक व्यवस्थापक निर्माण केला, एक सर्व्हर भाड्याने घेतला आणि मिरर ठेवू देण्याची विनंती केली. उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे, सेंटओएस आणि डेबियन, पाचही ठिकाणी त्यांचा मिरर यादीत दाखल झाला. थोड्याच दिवसांत हजारो यंत्रे त्याच्याकडे दुरुस्त्या मागावयास येऊ लागली. त्यांत सरकारी आणि लष्करी संगणकही होते. त्यांनी कोणाचे वाईट केले नाही. करता आले असते एवढेच दाखविले.

करता काय आले असते? खोटे पॅकेज देता आले नसते, सही आडवी आली असती. परंतु भांडाराची गेल्या वर्षीची यादी, खऱ्या सहीसह, जपून ठेवून तीच रोज पुढे केली असती तर यंत्राने ती आनंदाने स्वीकारली असती आणि मालकाला सांगितले असते, सर्व अद्ययावत आहे. दरम्यान सापडलेली सारी छिद्रे उघडी, आणि कोणत्या यंत्राची ती उघडी आहेत याची यादी मिरर ठेवणाऱ्याच्या हाती! शत्रूला आत शिरण्यासाठी काही पाठवावे लागत नाही. काहीही न पाठविणे पुरते. सहीमुळे लेखक कळतो, मिती कळत नाही, ही उणीव अशी उजेडात आली. पुढे सुरक्षा-भांडारांच्या 'रिलीज' फायलीत मुदतीची तारीख घालण्यात येऊ लागली. अमुक दिवसानंतर हे पत्र ग्राह्य धरू नये, असे पत्रच सांगू लागले. याचा एक गमतीचा परिणाम आजही दिसतो : ज्या यंत्राची घड्याळाची बॅटरी मेली आहे आणि ज्याचे वर्ष मागे गेले आहे, ते ताजे पत्र 'अद्याप लागू नाही' म्हणून परत करते. दुरुस्त्या का येत नाहीत म्हणून माणूस तासन्‌तास जाळे तपासतो, आणि दोष सापडतो तो रुपयाएवढ्या बॅटरीत.

त्याच वर्षी, ऑगस्ट २००८ मध्ये, फेडोराच्या सर्व्हरांत कोणी शिरल्याचे उघड झाले. ज्या यंत्रांत शिरकाव झाला त्यांत पॅकेजांवर सह्या करणारे यंत्रही होते. किल्लीचा सांकेतिक शब्द चोराच्या हाती लागला नसावा असा व्यवस्थापकांचा निष्कर्ष होता, कारण शिरकावाच्या काळात तो वापरलाच गेला नव्हता. तरीही त्यांनी किल्ली बदलण्याचे ठरविले. शिरकाव झाला कसा, हे पुढच्या वर्षी कळले : एका व्यवस्थापकाची प्रवेशाची खासगी किल्ली, जिला सांकेतिक शब्दाचे संरक्षण नव्हते, तिची प्रत चोराजवळ होती. या काळात काही आठवडे फेडोराच्या दुरुस्त्या जाणूनबुजून थांबविलेल्या होत्या. मग पेच असा पडला की, नव्या किल्लीने सही केलेला माल लाखो यंत्रे ओळखणार कशी? जुन्या किल्लीची सही असलेले एक छोटे पॅकेज जुन्या पत्त्यावर ठेवण्यात आले. त्यात नवी किल्ली आणि नव्या भांडाराचा पत्ता होता. त्या एका पुलावरून सर्वांनी पलीकडे जावयाचे. जो पूल ओलांडणार नाही तो अलीकडेच राहील. येथे दुरुस्त्यांचे थांबणे हा दोष नव्हता, ते शहाणपण होते. आणि ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण अपडेट थांबले की कोणी तरी झोपले असेल असेच आपण धरून चालतो.

आता वाचनालयाकडे वळू. तेथील यंत्रावर होती डेबियनची 'स्क्वीझ' ही आवृत्ती, ६ फेब्रुवारी २०११ ला निघालेली. तिची नित्याची सेवा ३१ मे २०१४ रोजी संपली. परंतु जुन्या आवृत्तीवर कामे चालवणारे पुष्कळ असल्याने डेबियनने त्याच वर्षी प्रथमच दीर्घ सेवेचा प्रयोग आरंभिला. स्वयंसेवक नव्या कामाकडे धावतात, जुने सांभाळण्यास कोणी राहत नाही. म्हणून गरजू कंपन्यांकडून पैसे गोळा करून जाणत्यांना त्यासाठी वेतन देण्याची सोयही झाली. प्रयोग स्तुत्य होता. मात्र या दीर्घ सेवेच्या दुरुस्त्या 'स्क्वीझ-एलटीएस' या वेगळ्या भांडारातून मिळत, आणि त्याचा पत्ता ज्याने त्याने आपल्या हाताने फायलीत घालावयाचा होता. जुना पत्ता चालूच होता. तेथे विचारणा केली की नम्रपणे उत्तर येई, नवे काही नाही. शेलशॉकची दुरुस्ती नव्या भांडारात येऊन पडली होती. आमचे यंत्र जुन्या दारावर रोज रात्री टकटक करून परत येत होते.

एक ओळ घातली, पुन्हा विचारणा केली, आणि चार महिन्यांची तुंबलेली डाक एकदम आली. बाई पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "अगं बाई! एवढं सगळं कुठं होतं?"

त्यानंतरच्या घटना आम्ही थोडक्यात सांगतो, कारण प्रकार पुष्कळसे तेच आहेत. जानेवारी २०१९ मध्ये खुद्द अ‍ॅप्टमध्येच छिद्र सापडले. सर्व्हर जेव्हा दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवी, त्या उत्तरातून वाटेवरचा लबाड आत शिरू शके. दुरुस्ती आणणारा जासूदच दगा खाऊ शकतो म्हटल्यावर ती एक दुरुस्ती आणताना पत्ता बदलण्याची मुभाच तात्पुरती बंद ठेवा, असा सल्ला द्यावा लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये 'जेसी' आवृत्तीचे एक उपभांडार मिररांवरून काढून टाकले गेले, आणि जगभरच्या यंत्रांवर '४०४' हा आकडा झळकू लागला. लोक संतापले. आम्हांला मात्र वाटते, या ओरडण्यापेक्षा स्क्वीझचे गप्प राहणे शतपट वाईट होते. १४ ऑगस्ट २०२१ ला 'बुल्सआय' निघाली तेव्हा सुरक्षा-भांडाराच्या नावाची घडणच बदलली होती. ज्यांनी जुन्या फायलीत फक्त 'बस्टर'चे 'बुल्सआय' केले, त्यांचा सुरक्षेचा पत्ता अस्तित्वातच नव्हता. यंत्राने तशी तक्रार केली. पण रात्री आपोआप चालणाऱ्या कामाची तक्रार वाचतो कोण?

सेंटओएसची हकीकत जरा निराळी. तिची ८ वी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल या भरवशावर अनेक कचेऱ्यांनी ती घेतली होती. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. येथे चूक नव्हती, कपटही नव्हते. मालकाने निर्णय बदलला. ७ वी आवृत्ती आपल्या ठरल्या दिवशी, ३० जून २०२४ ला, संपली आणि मिररांची यादी देणारा पत्ताच नाहीसा झाला. जुनी पॅकेजे 'व्हॉल्ट' नावाच्या कोठीत ठेवली आहेत; तेथून ती मिळतात, पण त्यांत नवे काही येत नाही. काही जण यंत्राला त्या कोठीचा पत्ता देतात, चूक दिसेनाशी होते, आणि काम झाले असे समजतात. हे म्हणजे पेपर येत नाही म्हणून रद्दीतला पेपर दारात ठेवण्यासारखे आहे.

आणि जो सर्वांत आधी दुरुस्ती घेतो तो सर्वांत सुरक्षित, असेही नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड याने दाखवून दिले की 'एक्सझी' या आज्ञावलीच्या नव्या प्रतीतच कोणी चोरदार ठेवले आहे. ते पोचले होते डेबियनच्या कच्च्या भांडारांत आणि फेडोराच्या परीक्षाधीन आवृत्तीत. सावकाश चालणारे स्टेबलचे लोक त्यातून वाचले. या घटनेनंतर "आम्ही अपडेट घेतच नाही, तेच बरे" असे म्हणणारे आम्हांला भेटले. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, सावकाश येणारी डाक आणि बंद पडलेली डाक यांतला फरक तुम्हांला कोणत्या कागदावरून कळतो?

कागद आहेत, पाहिले तर. पत्त्यांची फाईल आहे. तिच्यातील प्रत्येक ओळ वाचावी, आणि हॅशने झाकलेली आधी वाचावी. आवृत्तीची सेवा कधी संपते याची तारीख प्रसिद्ध असते. यंत्राने शेवटची यादी आणली ती कोणत्या दिवशी, हे त्या यादीच्या फायलीवरच लिहिलेले असते. एखादे पॅकेज कोणी जागच्या जागी रोखून ठेवले असेल तर त्याचीही नोंद सापडते. 'बूट'ची जागा जुन्या गाभ्यांनी भरून नवा बसत नसेल तर तेही. आणि शेवटी रोजनिशी. ती आम्ही नेहमी शेवटून वाचतो.

त्या वाचनालयातील स्क्वीझची दीर्घ सेवाही २९ फेब्रुवारी २०१६ ला संपली. त्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तेथे नवी आवृत्ती बसविली. ग्रंथपालबाईंनी तोवर एक जाडजूड वही घातली होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्या यंत्राची शेवटची दुरुस्ती कोणत्या दिवशी आली, ते तीत लिहून ठेवीत. आम्ही गेलो त्या दिवशी वहीच्या समासात लाल शाईने लिहिले होते : "गेले अकरा दिवस काही नाही. सरांना विचारणे." आम्ही पाहिले. त्या अकरा दिवसांत खरोखरच काही निघाले नव्हते.